यानातली माणसं मराठी बोलू लागली

नववीत असताना मला ती मालिका सापडली. परदेशी, हिंदीत डब केलेली, संध्याकाळी पाचला लागणारी. बाबा दुसऱ्या पाळीला वाळूजच्या कारखान्यात गेलेले असायचे, आई पाणी भरण्यात गुंतलेली, त्यामुळे टीव्ही माझ्या ताब्यात. मालिकेत एक दुरुस्तीचं यान होतं. ताऱ्यांच्या मधल्या वाटांवर फार पूर्वी कुणीतरी दिशा दाखवणारे मनोरे उभे करून ठेवले होते. ते आता एकेक करून बंद पडत होते आणि यानातली सात माणसं ते चालू करत फिरायची. लढाया जवळजवळ नव्हत्याच. काहीतरी बिघडायचं, ते का बिघडलं हे कळायला वेळ लागायचा, आणि शेवटी दिवा लागायचा किंवा लागायचा नाही. कधी कधी लागत नाही, हे मला फार आवडलं होतं.

वर्गात ती दुसरं कुणीच पाहत नव्हतं. मी एका वहीत मनोऱ्यांचे नकाशे काढायची, कुठला कुठल्या भागात दुरुस्त झाला ते लिहायची. एकदा मावसबहिणीच्या हळदीला आम्ही पैठणला गेलो होतो. पावणेपाच झाले तशी मी मांडवातून निघाले आणि समोरच्या घराचं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईंना विचारलं, "काकू, तुमच्याकडं ते चॅनल लागतं का?" त्यांनी मला पूर्ण भाग बघू दिला, वर चहा दिला. मी परत आले तेव्हा आई विहिरीपर्यंत शोधून आली होती. तिनं सगळ्या पाहुण्यांसमोर माझा दंड धरला आणि हळदीच्या हातानं एक चापट मारली. तो पिवळा हात माझ्या फ्रॉकवर बरेच दिवस होता.

दोन सीझन झाल्यावर मालिका एका सोमवारी लागलीच नाही. तिच्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम. कारण कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला हेही कळलं नाही.

पुढं मी डिप्लोमा केला, वाळूजला एका टूल रूममध्ये ड्रॉइंगच्या कामाला लागले, आणि घरी इंटरनेट आल्यावर कळलं की मालिका कधी बंद पडलीच नव्हती. ती तिकडं चालूच होती. मी मध्ये नव्हते तेवढ्यात यानाच्या कप्तानबाईंचे केस पिकले होते, यानाची एक बाजू जळून पुन्हा बांधून झाली होती. मग मी सगळे भाग इंग्रजीतून पाहिले, खालची अक्षरं वाचत, थांबवत, मागं घेत. माझं इंग्रजी जे काही आहे ते कॉलेजातलं नाही, ह्या यानातलं आहे. चाहत्यांचा एक ऑनलाइन गट होता, त्यातही शिरले. तिथं लोक एका स्क्रूवरून आठवडाभर भांडायचे. मला घरी आल्यासारखं वाटलं.

आई गेली त्या वर्षी बाबांना निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढल्यानं त्यांचे कान गेले होते. मोठाले प्रेस पत्रा कापायचे, वाकवायचे, आणि ह्या लोकांच्या कानात कापसाचे बोळे. शेवटी शेवटी डाव्या कानात काहीच उरलं नव्हतं आणि उजव्यात आईचा आवाज तेवढा जायचा, कारण ती कानाशी तोंड नेऊन बोलायची. मला ते जमलं नाही. मी ओरडले की ते म्हणायचे, "भांडू नको." कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. "नुसती शिट्टी वाजतिया," म्हणाले. त्यानंतर आम्ही वहीवर बोलायचो. जेवलात का. गोळी घेतली का. पौर्णिमेला विहारात जायचं का. त्याच्यापुढं वही फारशी जात नव्हती.

एका रविवारी मी हॉलमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून एक जुना भाग पाहत होते. बाबा पेपर घेऊन शेजारी बसले होते. पडद्यावर यानाची मेकॅनिक होती, साठीकडं झुकलेली जाडजूड बाई, कायम हाताला तेल लागलेलं. ती एका मोठ्या यंत्रापाशी आली, हातमोजा काढला, यंत्राच्या अंगावर उघडा तळवा ठेवला आणि नुसती उभी राहिली.

बाबांनी पेपर खाली केला. "बेरिंग गेलंय," ते म्हणाले.

दोन मिनिटांनी मेकॅनिकनं झाकण उघडून कप्तानबाईंना फुटलेलं बेरिंग दाखवलं.

बाबा मोठ्यानं हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "लई बराबर हाय ही बाई. काय म्हणतिया आता?"

मी वहीवर लिहून दाखवलं. मग त्यांनी पुढचं विचारलं, मी लिहिलं. भाग संपेपर्यंत वहीची अकरा पानं भरली आणि माझी बोटं दुखायला लागली. बाबा म्हणाले, "असं अधूनमधून नाय. पहिल्यापासून लाव."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. म्हणून मी मराठी सबटायटल करायला बसले. काम तसं सोपं असतं: प्रत्येक वाक्य कधी दिसायचं, कधी जायचं ह्याच्या वेळा तयार असतात, आपण फक्त इंग्रजीच्या जागी मराठी घालायचं. पण बाबा हळू वाचायचे, ओठ हलवत, आणि त्यांचं वाचून व्हायच्या आत वाक्य निघून जायचं. त्यामुळे मला प्रत्येक वाक्य छाटावं लागायचं. पहिल्या भागाला नऊ दिवस लागले, तेही कामावरून आल्यावर रोज तासभर बसून.

भाग लावला. पहिलंच वाक्य होतं, 'आपले यान संकटात सापडले आहे.'

बाबांनी हात वर केला, म्हणजे थांबव. "हे कोण बोलतंय?"

मी मेकॅनिककडं बोट दाखवलं.

"ही असं बोलंल व्हय? हिच्या हाताला तेल लागलंय. हे तर कलेक्टर हापिसातलं पत्र वाटतंय."

"मग काय लिहू?" मी वहीवर विचारलं.

"'गेलं कामातून.' बास."

त्या दिवसापासून मेकॅनिक आमच्याकडची भाषा बोलू लागली. बाबा तिला मिस्त्रीबाई म्हणायचे. कप्तानबाई वयानं लहान, आधी आरमारात होत्या, कडक. त्यांना मी पुस्तकी मराठी दिली. बाबांना ते पटलं. "साहेब लोक असंच बोलतात," म्हणाले.

आमच्या शेजारी एक आपा राहतात. उर्दू शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता एकट्याच असतात. एका रविवारी त्या शेवयांचं भांडं परत न्यायला आल्या आणि उभ्या उभ्या अर्धा भाग बघून गेल्या. पुढच्या रविवारी चार वाजता स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. सोबत पाटी आणि खडूही होता. बाबांशी त्या पाटीवरच बोलायच्या. त्यांचं मराठी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, शिवाय पाटीवर लिहिलेलं पुसता येतं म्हणून बाबांनाही ती वहीपेक्षा आवडायची. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आपा बाबांना जे लिहायच्या ते मला वाचायला मिळायचं नाही. ह्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये लांबच्या स्थानकावरचे व्यापारी येतात. मूळ इंग्रजीत त्यांची बोली जरा वेगळी, गमतीदार आहे. मला काही सुचलं नव्हतं, मी सरळ मराठी लिहून टाकलं होतं. आपांनी मान हलवली.

"बेटी, हे सौदागर ना?"

"हो."

"दूर से आलेले?"

"हो आपा."

"मग शाळेच्या पुस्तकावानी काय बोलतात? त्यांना आपल्या शहागंजच्या बाजारात सोड ना."

मग व्यापाऱ्यांची सगळी वाक्यं आपांनी सांगितली. 'नक्को बाई, इत्ता भाव नक्को.' 'हौ, तुम बोले सो सही.' त्या बोलायच्या, मी टाइप करायची, आणि बाबा ते वाचून एवढे हसायचे की चहा सांडायचा. ऑनलाइन गटात मी एकदा सांगितलं की आमचे व्यापारी दख्खनी बोलतात. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी अंगठे वर केले.

अडचण आली ती पाचव्या सीझनमध्ये. इंग्रजीत समोरच्याला एकच शब्द. मराठीत तू आणि तुम्ही. कप्तानबाई आणि मिस्त्रीबाई एकमेकींना काय म्हणतील? एकीचं पद मोठं, दुसरीचं वय मोठं. मी पहिल्या भागापासून दोघींना तुम्ही दिलं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. पण पाचव्या सीझनच्या नवव्या भागात त्या दोघी एका मनोऱ्याच्या आतल्या अरुंद नळीत अडकतात. मिस्त्रीबाईंच्या छातीवर तुळई पडलेली, हवा थोडी राहिलेली, आणि कप्तानबाई त्यांना जागं ठेवायला बोलत राहतात. मी तो भाग अनेकदा पाहिला होता. आता तिथं 'तुम्ही झोपू नका' असं लिहिलं आणि वाचलं. ते दवाखान्यातल्या पाटीसारखं वाटलं. 'तू झोपू नकोस' लिहिलं, तर दोघींचं चार सीझनचं नातं मोडल्यासारखं वाटलं.

गटात विचारलं. एका जर्मन माणसानं लिहिलं की त्यांच्या भाषेतही हीच पंचाईत आहे आणि त्यांच्या अनुवादकानं पहिल्या सीझनपासूनच दोघींना जवळचा शब्द वापरलाय. मला ते अजिबात पटलं नाही. पहिल्या सीझनमध्ये त्या एकमेकींकडं धड बघतसुद्धा नाहीत.

रविवारी मी हा प्रश्न दोघांसमोर ठेवला. आपा लगेच म्हणाल्या, "'तू' लिही. मरते वक्त कोण तकल्लुफ करतं?" आणि तेच पाटीवर लिहून बाबांना दाखवलं.

बाबांनी पाटी वाचून मांडीवर ठेवली. मग बोलायला लागले, मोठ्या आवाजात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना समजत नसे.

त्यांच्या शेजारच्या प्रेसवर एक माणूस होता. एकोणीस वर्षं शेजारी. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण बाबा त्याला अहो-जाहो करायचे आणि तोही ह्यांना. डबा एकत्र खायचे. एके दिवशी त्याचा उजवा हात प्रेसखाली गेला. बाबांनी प्रेस बंद केला, हात सोडवला, कापड गुंडाळलं, गाडीत त्याच्या शेजारी बसले. "डोळे मिटाया लागला व्हता," बाबा म्हणाले. "मी त्याला तू म्हणलो. आजवर कवा म्हणलो नव्हतो. तोंडातून गेलं."

हे मला माहीत नव्हतं. अपघात झाला होता एवढं लहानपणी कानावर आलं होतं, पण गाडीत बाबा होते हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.

मी पाटी घेतली. 'ते आता कुठे असतात?'

"करमाडला. शेवटी शेवटी त्याला स्टोअरला दिलं व्हतं. रिटायर झाल्यावर भेट नाय."

'का?'

"कशी व्हणार? मला फोनवर ऐकू येत नाय. त्याला लिवता-वाचता येत नाय." एवढंच. भांडण नाही, गैरसमज नाही. आमच्या पडेगावपासून करमाड शहराच्या पलीकडच्या टोकाला, पण स्कूटरवर तासाभराच्या आत. त्या तासाभरात सात वर्षं गेली होती.

पुढच्या रविवारी आम्ही भाग लावला नाही. मी बाबांना स्कूटरवर मागं बसवलं आणि जालना रोडला लागले. वही पर्समध्ये घेतली होती. दोघांच्या मध्ये मला बसावं लागेल, ते काका बोलतील ते मी लिहीन, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

करमाडच्या स्टँडमागं एका दुकानात विचारलं, त्यांनी घर दाखवलं. काका अंगणात बाजेवर बसून तुरीतले खडे वेचत होते. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच शाबूत होतं, पण खडे भराभर निघत होते. त्यांनी वर पाहिलं. उठले नाहीत, हाक मारली नाही. डाव्या हाताची मूठ कोपरावर दोनदा आपटली आणि भुवया उडवल्या.

बाबा रस्त्यातच हसायला लागले.

"काय म्हणालात?" मी काकांना विचारलं.

"'साहेब येतोय, चहा लपवा,'" काका म्हणाले. "प्रेस शॉपात बोललेलं कुणाला ऐकू येतंय? आमचं सगळं हातावरच."

नंतर एक तास मी आणि काकांच्या बायको, काकू, ओट्यावर बसून त्या दोघांकडं पाहत होतो. बाबांना ओठ वाचता येत नाहीत, माझे तर नाहीच नाही. पण ह्या माणसाची मान, भुवया, हात, ती बोटांची थोटकं, सगळं त्यांना कळत होतं. काका काहीतरी दाखवायचे, बाबा उत्तर द्यायचे, कधी दोघं एकदम हात हलवायचे आणि एकमेकांचं बोलणं तोडल्याबद्दल थांबायचे. कुणाच्या तरी चालण्याची नक्कल झाली. कुणीतरी वारल्याचं कळलं, कारण दोघांनी हात मांडीवर ठेवले आणि थोडा वेळ ते तसेच राहिले. आईचंही सांगून झालं असावं. बाबांनी एक खूण केली, बोट कानाजवळ नेऊन हळूच खाली आणलं, आणि काकांनी माझ्याकडं पाहिलं.

खरं सांगायचं तर मला थोडं दुखलं. इतकी वर्षं मी वह्या भरत होते. एवढं भरभरून बोलणारा माणूस माझ्या घरात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

काकू म्हणाल्या, "घरात आमच्याशी तोंडानं बोलतेत, पर असं नाय बोलत."

चहा झाल्यावर मी काकांना मालिकेचं सांगितलं, नळीतला प्रसंग सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "बाबांनी खरंच तुम्हाला तू म्हटलं होतं?"

"म्हणले तर. 'माझ्याकडं बघ, तू झोपू नको, तू झोपू नको.' लई वरडत होते. डायवर घाबरला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलो, नाय झोपत, तुम्ही वरडू नका." ते हसले. "मला तू म्हणाया नाय जमलं. मोठे हायत ना."

"मग नंतर?"

"नंतर दवाखान्यात बघाया आले. म्हणले, 'आता कसं वाटतंय तुम्हाला?' परत तुम्ही. मला बरं वाटलं. रोज तू म्हणले असते तर तो दिवस रोज आठवला असता."

निघताना मी हे सगळं वहीवर लिहून बाबांना दिलं. त्यांनी ओट्यावर बसून दोनदा वाचलं, पान फाडून खिशात ठेवलं आणि स्कूटरवर बसले. चिकलठाण्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "'तू' लिव! एकदाच! मग परत 'तुम्ही'!" आजूबाजूचे चार-पाच जण वळून बघायला लागले. एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "क्या हुआ, मॅडम?" मी बाबांकडं वळून मान डोलावली आणि सिग्नल सुटला.

तसंच लिहिलं. नळीत कप्तानबाई एकदा तू म्हणतात, मिस्त्रीबाई तुम्हीच म्हणत राहतात, आणि दहाव्या भागात यानाच्या दवाखान्यात कप्तानबाई विचारतात, 'आता कसं वाटतंय तुम्हाला?' गटातल्या त्या जर्मन माणसाला मी हे कळवलं. त्यानं लिहिलं की त्याला मराठी येत नाही ह्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटतंय.

तो भाग बघायला काका आले, जावयाच्या मोटरसायकलवर. आपांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि पलंगावर बसल्या. काकांना ऐकू येत होतं, पण इंग्रजी कळत नव्हतं, आणि मराठी अक्षरं वाचायला जमत नव्हती. मी वाचून दाखवायला लागले, तर बाबांनी मला हातानं थांबवलं. ते स्वतः खालची ओळ वाचायचे आणि हातानं काकांना सांगायचे. कधी ओळ लांब असली तर मागं पडायचे, मग मी पडदा थांबवायची.

नळीतला प्रसंग आला. बाबांनी ती ओळ वाचली आणि काकांना काही सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही. आपांनी चष्मा पुसला. मग काकांनी बिस्किटाची बशी मागितली आणि पुढं चालू झालं.

आता काका महिन्यातून एकदा येतात. आपा त्यांना पाटीवर वाचायला शिकवतात. त्या म्हणतात, पोरं ह्यांच्यापेक्षा लवकर शिकायची. 'थांबा' आणि 'चला' हे दोन शब्द पडद्यावर आले की काका आता हात वर करतात. मीही शिकतेय, त्यांच्या खुणा. साठ-सत्तर खुणा येतात. बाबांशी वही लागते अजून, पण स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मीठ पुरे की कमी हे विचारायला लागत नाही. मालिकेचा चौदावा सीझन तिकडं चालू आहे, आम्ही आठव्यात आहोत.

पुढच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी आठवडाभर टीव्ही बंद सांगितलाय. बाबांनी ऑपरेशनच्या आधी तीन भाग तयार कर म्हणून सांगितलंय, एक मनोरा अर्धवट राहिलाय आणि तो तसाच सोडून दवाखान्यात जायची त्यांची तयारी नाही. मी शुक्रवारची रजा टाकली आहे.